छतावरचे ऊन आणि मीटरवरचे नाव : सौर अनुदान आपल्या वस्तीपर्यंत कसे येईल?

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मराठवाड्यातल्या एका गावी आम्ही विहारात बसलो होतो. विषय होता घरावर बसवायच्या सोलरचा. आदल्या दिवशीच वस्तीत निरोप फिरवला होता की येताना लाइटबिल आणि आधार कार्ड बरोबर आणा. वंदना झाली, चहा झाला आणि आम्ही बिले बघायला घेतली. निम्म्याहून जास्त बिले हयात नसलेल्या माणसांच्या नावावर निघाली. कुणाच्या आजोबांच्या, कुणाच्या सासऱ्यांच्या. एक तर घर विकून कधीचेच पुण्याला गेलेल्या माणसाच्या नावावर होते. एका आजीने बिल पुढे केले आणि म्हणाल्या, "ह्यांना जाऊन आठ वर्सं झाली. पर लाइट चालूच हाय की, बंद कुठं झाली?"

आजींचे बरोबरच होते. बिल भरले जात असेल तर मीटर कुणाचे नाव विचारत नाही. अनुदान मात्र विचारते. सोलर कसे चालते हे सांगायला गेलेलो आम्ही दिवसभर मृत्यूचे दाखले, वारसांची संमती आणि आधारवरच्या नावातल्या चुका यांच्यातच बसलो. परतताना एसटीत आमचे ठरले की या योजनेवर लिहायचे तर नुसते आकडे लिहून भागणार नाही. आकडे सगळीकडे छापून आले आहेत. ते आपल्या दारात का येत नाहीत, हेही लिहायला हवे.

सरकार नेमके काय देते?

तरी आधी आकडेच घेऊ, कारण अनेक कार्यकर्त्यांच्या मनात दोन योजनांचा गोंधळ आहे.

पहिली केंद्र सरकारची. 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, देशभरातली एक कोटी घरे आणि २०२६-२७ पर्यंतची मुदत, असा तिचा आवाका आहे. घराच्या छतावर सौर संच बसवला की पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळते. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीनला ७८,०००. त्यापुढे पाच किलोवॅट बसवा नाहीतर दहा, अनुदान ७८,००० वरच थांबते.

किलोवॅटचा हिशेब सोपा आहे. एक किलोवॅटचा संच आपल्याकडच्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट वीज तयार करतो. त्याला छतावर सुमारे शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. दोन पंखे, चार-पाच बल्ब, टीव्ही आणि एखादा छोटा फ्रिज असलेल्या घराला एवढे पुरते. एसी, गिझर आणि मोटार असलेल्या घराला तीन किलोवॅट लागतात.

दुसरी योजना महाराष्ट्र सरकारची, आणि आपल्या दृष्टीने तीच जास्त कामाची. तिचे नाव लांबलचक आहे : 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप सौर योजना'. थोडक्यात तिला 'स्मार्ट' योजना म्हणतात. २०२५ मध्ये आलेली ही योजना महावितरण राबवते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणारे ग्राहक यांच्यासाठी ती आहे. राज्यभरात मिळून पाच लाख घरे, ६५५ कोटी रुपये. एक किलोवॅटच्या संचाची किंमत साधारण ५०,००० रुपये धरली आहे. त्यातले ३०,००० केंद्राच्या योजनेतून येतात. उरलेल्या २०,००० पैकी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्य १७,५०० देते, त्याच्या खिशातून जातात फक्त २,५००. शंभर युनिटांच्या आतल्या सर्वसाधारण ग्राहकाला राज्य १०,००० देते, त्याने घालायचे १०,०००. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला राज्य १५,००० देते, त्याने घालायचे ५,०००.

हा शेवटचा आकडा वस्तीत किती जणांना माहीत आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा विचारून बघावे. आमच्या त्या रविवारी विहारात एकालाही माहीत नव्हता. पुढाऱ्यांच्या फलकांवर ७८,००० चा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, आणि तो ऐकून आपली माणसे म्हणतात, "तीन किलोवॅट आपल्याला कशाला? ते बंगलेवाल्यांचं." आणि विषय संपतो.

अटी अशा आहेत : वीजवापर वर्षभरात कोणत्याही महिन्यात शंभर युनिटांच्या वर गेलेला नसावा, जोडणी सिंगल फेज असावी, थकबाकी नसावी, आणि छतावरच्या सोलरचे अनुदान आधी घेतलेले नसावे. आणि प्रथम येणाऱ्यास प्राधान्य. ही शेवटची अट वाचताना साधी वाटते, पण ज्याच्याकडे कागद तयार असतात तोच प्रथम येतो. त्याकडे पुढे वळू.

पाच हजारांचा हिशेब

एक उदाहरण मांडतो. दर थोडेफार बदलत राहतात, त्यामुळे आकडे अंदाजाचे समजा.

महिन्याला ८० युनिट वापरणारे घर आहे. शंभर युनिटांच्या आत वहन आकार धरून युनिटला साधारण सहा रुपये पडतात. म्हणजे विजेचे ४८०, वर स्थिर आकार सव्वाशे-दीडशे, त्यावर वीज शुल्क. बिल सातशेच्या आसपास जाते. छतावर एक किलोवॅट बसला तर वापरापेक्षा जास्त वीज तयार होते, आणि बिलात राहतो तो मुख्यतः स्थिर आकार. महिन्याला पाच-साडेपाचशे रुपये वाचले तरी घातलेले ५,००० वर्षाच्या आत परत आले. पॅनल पुढे वीस-पंचवीस वर्षे चालते.

आता दुसरे घर घेऊ. महिन्याला २८० युनिट, तीन किलोवॅटचा संच, खर्च पावणेदोन-दोन लाख. त्यातून ७८,००० वजा जातात. या घराचे पहिले शंभर युनिट सहाच्या दराने आणि पुढचे १८० युनिट अकरा-बाराच्या दराने जातात, त्यामुळे बिल तीन हजारांच्या घरात. सोलरने ते जवळजवळ सगळेच वाचते. तीन-साडेतीन वर्षांत पैसे वसूल.

दोन्ही हिशेब फायद्याचेच आहेत. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. केंद्राच्या योजनेत जो जास्त वीज वापरतो त्याला जास्त अनुदान, आणि वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे बचतही जवळपास दुप्पट. ज्याच्याकडे स्वतःचे मोठे छत आहे, हातात दीड-दोन लाख आहेत किंवा बँकेत पत आहे, त्याच्यासाठी ही योजना आपसूक चालते. मार्च २०२५ मध्ये देशात दहा लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला. गुजरात पहिला, महाराष्ट्र दुसरा. या दहा लाखांत गावकुसाकडेच्या वस्त्यांतली घरे किती, हा प्रश्न आपण विचारला नाही तर दुसरे कोण विचारणार? राज्याची स्मार्ट योजना ही त्या उताराला लावलेली छोटीशी टेकण आहे. छोटी आहे, पण आहे.

वीज हा आपल्यासाठी परका विषयही नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि विजेचा कारभार त्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मांडले की देशाला वीज हवी ती स्वस्त आणि मुबलक, कारण तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय हिंदुस्थानची गरिबी हटणार नाही. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची उभारणी त्यांच्याच काळातली. आपण १४ एप्रिलला त्यांच्या पाणी आणि वीज धोरणावर भाषणे ऐकतो. त्याच रात्री वस्तीतल्या रोषणाईचे बिल कोण भरणार यावर वादही ऐकतो. असो.

कागदांची अडचण

आता मूळ मुद्दा. पॅनल, इन्व्हर्टर, नेट मीटर यांत अवघड काही नाही. अडते ते चार कागदांवर.

अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो. बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो टाकला की ज्याच्या नावावर मीटर आहे त्याचेच नाव पुढे येते. केंद्राचे अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर त्या ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे बिलावरचे नाव, आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव एकच माणूस दाखवत असले पाहिजे. आजोबा गेलेले असतील तर खाते कुणाचे देणार?

त्यामुळे पहिले काम मीटर वारसाच्या नावावर करून घेण्याचे. महावितरणच्या कार्यालयात किंवा ऑनलाइन नाव बदलाचा अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, घराचा कर भरल्याचा पुरावा किंवा नमुना ८ चा उतारा, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचे संमतिपत्र, एवढे जुळवून ठेवावे. शेवटचा कागद सर्वांत जड. चार भावांत एक मुंबईला, एक सुरतेला, आणि बहिणींना वाटते की सही केली तर घरावरचा हक्क गेला. इथे कार्यकर्त्याने घरच्यांना नीट समजावून सांगावे लागते की मीटरवर नाव लागले म्हणजे घराची मालकी लागली असे होत नाही. बिल हा वीजवापराचा कागद आहे, मालकीचा नाही. हे एकदा कळले की सह्या होतात. त्या आजींच्या तीन मुलांच्या सह्या गोळा करायला आम्हाला पाच आठवडे लागले. धाकटा मुलगा ऊसतोडीला गेला होता, त्याची सही कारखान्याच्या कोपीवर जाऊन आणली.

घरकुलाच्या घरांत वेगळाच पेच असतो. रमाई आवास योजनेतून किंवा पंतप्रधान आवास योजनेतून मिळालेले घर पुष्कळदा बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असते, आणि मीटर नवऱ्याच्या नावावर. नवरा हयात असेल तर हे चालून जाते, फक्त बँक खाते त्याचेच द्यावे लागते. पण घर चालवणारी बाई असेल तर आमचे स्पष्ट मत आहे की याच निमित्ताने मीटर तिच्या नावावर करून घ्यावे. पुढे देखभालीची तक्रार करायला, मीटरचे रीडिंग तपासायला तीच घरी असणार आहे.

दुसरी अडचण नावातल्या अक्षरांची. बिलावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. शाळेत मास्तरांनी लिहिले तसे आडनाव, ग्रामपंचायतीत लिहिले तसे वडिलांचे नाव. बिलातली दुरुस्ती सर्वांत आधी करावी, कारण तीच सर्वांत रेंगाळते.

तिसरी अडचण जातीच्या दाखल्याची, आणि यावर जरा सविस्तर बोलले पाहिजे. अनुसूचित जातीसाठीचे जादा अनुदान मागायचे तर दाखला लागणार. आपल्याकडे बहुतेक घरांत दाखला असतो तो मुलाकडे किंवा मुलीकडे, कारण कॉलेजच्या प्रवेशासाठी आणि शिष्यवृत्तीसाठी तो काढलेला असतो. आई-वडिलांकडे नसतो. मीटर वडिलांच्या नावावर आणि दाखला मुलाच्या नावावर, असे झाले तर घर प्रवर्गात बसत असूनही कागद जुळत नाहीत. मग दोन वाटा उरतात. वडिलांचा दाखला काढायचा, किंवा सगळ्यांच्या संमतीने मीटर दाखला असलेल्या मुलाच्या नावावर करायचे. दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तो मुलाच्या वेळी एकदा जमवलेला असतो, तीच फाइल शोधून काढली तर वडिलांचे काम सोपे होते. ती फाइल बहुधा पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली असते!

काही तरुण आम्हाला विचारतात, "आम्ही धर्म बौद्ध लिहितो, मग अनुसूचित जातीचा लाभ मागायचा का?" ओळख कशी सांगावी हा विचारांचा प्रश्न आहे आणि त्यावर समाजात मोकळी चर्चा व्हावी. कायद्याचा प्रश्न मात्र सुटलेला आहे. १९९० मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या माणसांचा तो दर्जा कायम राहिला. महाराष्ट्रात नवबौद्धांच्या सवलती त्याच्याही आधीपासून आहेत. तेव्हा कुणी कर्मचारी "तुम्ही बौद्ध, तुम्हाला हे लागू नाही" असे म्हणाला तर वाद घालत बसू नका. त्याच्याकडून ते लेखी मागा. आमचा अनुभव असा की लेखी मागितले की नियम त्याला आठवतो.

छत कुणाचे, कसे, किती?

घरकुलाचे घर साधारण २६९ चौरस फुटांचे. एक किलोवॅटला शंभर चौरस फूट लागतात. म्हणजे स्लॅब असेल तर जागा पुरते. पत्रा असेल तरी संच बसू शकतो, पण पत्र्याखालचे अँगल भक्कम पाहिजेत, आणि वादळाच्या भागात ही तपासणी मन लावून करून घ्यावी. कुडाच्या किंवा कच्च्या भिंतीच्या घरावर बसवण्याचा आग्रह धरू नये.

वस्तीतली छते रिकामी नसतात, हेही ध्यानात घ्या. उन्हाळ्यात माणसे तिथे झोपतात, शेवया-पापड तिथेच वाळतात, आणि पोराचे लग्न ठरले की वर एक खोली चढते. घरे एकमेकांना चिकटलेली असल्याने शेजाऱ्याने मजला चढवला की आपल्या पॅनलवर सावली येते. पॅनलच्या थोड्या भागावर सावली पडली तरी वीज बरीच घटते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, बायकांनी तर नक्कीच, आधी एकत्र बसून ठरवावे की पुढच्या पाच-सात वर्षांत वर काही बांधायचे आहे का. संच नंतर हलवता येतो, पण तो खर्च सरकार देत नाही.

भाड्याने राहणाऱ्याचे काय? छत त्याचे नाही, मीटर त्याचे नाही, त्याला या दोन्ही योजनांत जागा नाही. शहरातल्या झोपडपट्टीत मीटर असते पण छतावर माणूस उभा राहील अशी स्थिती नसते. आपल्या समाजातला मोठा भाग आज याच दोन ठिकाणी राहतो. ही योजनेतली उणीव आहे आणि ती निवेदनात, ग्रामसभेत, आमदारांपुढे मांडायलाच हवी.

पुनर्वसनाच्या इमारतींना मात्र एक वाट आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. केंद्राच्या योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या विजेसाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी. वीस किलोवॅट बसवले तर ३,६०,००० रुपये. झोपडीतून इमारतीत गेलेल्या आपल्या कुटुंबांची मोठी तक्रार देखभाल खर्चाची असते. लिफ्टचे बिल थकते, लिफ्ट बंद पडते, आणि सातव्या मजल्यावरची म्हातारी माणसे घरात अडकतात. संस्था नोंदणीकृत असेल आणि गच्चीवर मोबाइलचे टॉवर उभे नसतील तर कमिटीच्या बैठकीत हा विषय घ्या.

विहारासाठी हे अनुदान नाही. ते राहत्या घरांसाठी आहे. विहारावर सोलर बसवायचे असेल तर वर्गणी, आमदार निधी असे दुसरे मार्ग बघावे लागतील. योजनेच्या नावाखाली विहाराची वर्गणी गोळा करणारा कुणी आला तर सावध राहा.

शंभर युनिटांच्या वर असाल तर

शिक्षक, कंडक्टर, कंपनीत काम करणारे, अशा घरांचा वापर शंभरच्या वर जातो. त्यांना राज्याचे जादा अनुदान नाही, केंद्राचे आहे. इथे पैसे आधी स्वतः उभे करायचे आणि अनुदान नंतर खात्यात येते. त्यासाठी सरकारी बँकांत या योजनेचे खास कर्ज आहे : तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आत, तारण न ठेवता, रेपो दराला जोडलेल्या कमी व्याजाने. साधारण दहा टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. जनसमर्थ पोर्टलवरून अर्ज होतो. बँकेत कुणी वैयक्तिक कर्ज गळ्यात मारू लागला तर नाही म्हणा, त्याचे व्याज बरेच जास्त असते. अनुदान आले की ते कर्जातच भरावे. ते दुसरीकडे खर्च झालेले आम्ही पाहिले आहे, आणि मग सोलर बसूनही हप्ता बिलाएवढाच राहतो.

गरजेपेक्षा मोठा संच बसवू नका. जास्तीची वीज ग्रीडला जाते आणि नेट मीटरमध्ये पुढच्या बिलांतून वळती होते, पण वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्याच्यापेक्षा खूप कमी असतो. वीज विकून श्रीमंत व्हाल असे सांगणारा एजंट खोटे बोलतो आहे.

आणखी एक गैरसमज, जो आम्हाला प्रत्येक बैठकीत भेटतो : सोलर बसले की भारनियमनात लाइट राहील. राहत नाही. अनुदानात बसणारा साधा संच ग्रीडला जोडलेला असतो. ग्रीड गेली की तो आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातून उलटा शॉक बसू नये म्हणून ही रचना असते. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी वेगळी घ्यावी लागते, तिचा खर्च वेगळा, आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. परीक्षेच्या काळात रात्री लाइट जाते ही ज्या वस्तीची खरी अडचण आहे, तिला ही योजना त्यावरचा उपाय म्हणून सांगू नका. लोक चिडतात, आणि बरोबर चिडतात.

फसवणूक

शेवटी हे, कारण ते आमच्या डोळ्यांसमोर घडले. शेजारच्या तालुक्यात एका एजन्सीच्या माणसाने घरटी वीस हजार आगाऊ घेतले, छतावर लोखंडी सांगाडे उभे केले आणि पुढे तो आलाच नाही. सांगाड्यांवर आता धुणी वाळतात. लोकांकडे पावती नव्हती, रोख दिले होते.

अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरून करायचा : पीएम सूर्यघर, डॉट जीओव्ही डॉट इन. नावात थोडासा फरक असलेली बनावट पाने फिरत असतात, पत्त्याचा शेवट तपासा. संच बसवणारा विक्रेता त्या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते आधी बघा, आणि दोन-तीन जणांकडून दर मागवा. पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असण्याची अट आहे. स्वस्तात परदेशी पॅनल लावून देतो म्हणणाऱ्याचे ऐकले तर अनुदानच हातचे जाते. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचाला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही, त्यामुळे "साहेबांकडून मंजुरी आणून देतो, त्याचे एवढे" असे कुणी म्हणाले तर पैसे देऊ नका.

पैसे टप्प्याटप्प्याने आणि बँकेतूनच द्या. करारात पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी विक्रेत्याची असते. तो करार, पॅनलवरचे क्रमांक आणि वॉरंटीचे कागद यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आठ-पंधरा दिवसांनी पॅनल पाण्याने धुवावे, पण सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच गावात पुन्हा जाणार आहोत. आजींच्या मीटरवर आता त्यांचे नाव लागले आहे, दाखल्याचा अर्ज प्रांत कार्यालयात आहे. तुमच्या वस्तीत अशी बैठक घ्यायची असेल तर एक सूचना : रविवार ठरवा, पण त्याआधी आठवडाभर दोन मुले घरोघर पाठवून प्रत्येक बिलाचा फोटो, मीटरवरचे नाव आणि वर्षभरातला सर्वांत जास्त महिन्याचा वापर एका वहीत उतरवून घ्या. बैठकीचे निम्मे काम त्या वहीतच झालेले असते.